यंत्राच्या गाभ्यातील बदली कामगार



आजच्या व्याख्यानाचा विषय कार्यक्रमपत्रिकेत वाचून आपणांपैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. कामगार चळवळीत ज्याचे आयुष्य गेले त्याने पगार, बोनस, टाळेबंदी यांविषयी बोलावे. संगणकाच्या पोटातील गोष्टी त्याने कशाला उकराव्यात? शंका रास्त आहे. परंतु ज्या यंत्रापुढे कामगार उभा राहतो त्या यंत्राची माहिती करून घेणे हे युनियनच्या माणसाचे पहिले काम आहे, असे आम्ही मानीत आलो आहोत. कॉलेजाची पायरी आम्ही चढलेलो नाही. जे काही शिकलो ते रात्री, पुस्तके उलटीपालटी करून आणि जाणत्यांना विचारून. म्हणून आमचे बोलणे शास्त्रज्ञाच्या भाषेत नसेल, कारखान्याच्या भाषेत असेल. ते आपण गोड मानून घ्यावे.

विषय तसा अगदी लहान आहे. लिनक्स नावाची जी संगणकप्रणाली आहे, तिच्यात 'मॉडइन्फो' नावाची एक आज्ञा आहे. ही आज्ञा आणि तिच्यापुढे एक नाव टाइप केले की पडद्यावर दहावीस ओळी उमटतात. चित्र नाही, रंग नाही, आवाज नाही. परंतु या दहावीस ओळींत एक विचार आहे आणि तो आपणां सर्वांच्या उपयोगाचा आहे.

प्रथम लिनक्स म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. १९९१ साली फिनलंडमध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या घरच्या संगणकासाठी एक प्रणाली लिहावयास घेतली. ती त्याने जगापुढे उघडी ठेवली आणि हजारो लोकांनी तिच्यात भर घातली. आज आपल्यापैकी ज्यांच्या खिशात अँड्रॉइड फोन आहे त्यांच्या खिशात लिनक्सचाच गाभा आहे. जगातील सर्वांत वेगवान अशा पाचशे महासंगणकांची यादी वर्षातून दोनदा निघते. नोव्हेंबर २०१७ पासून त्या यादीतले पाचशेच्या पाचशे संगणक लिनक्सवर चालत आले आहेत.

या प्रणालीच्या मध्यभागी जो भाग असतो त्याला कर्नल म्हणतात. कर्नल म्हणजे फळातला गर. आपण त्याला गाभा म्हणू. संगणकाची स्मृती कोणाला किती द्यावयाची, कोणते काम आधी चालवावयाचे, चकतीवर कोणी लिहावयाचे आणि कोणी नाही, हे सारे गाभा ठरवितो. आपण जे कार्यक्रम वापरतो, मग ते पत्रे लिहिण्याचे असोत की हिशेबाचे, ते गाभ्याच्या बाहेर राहून त्याच्याकडे अर्ज करतात. बाहेरचा कार्यक्रम बिघडला तर तो एकटा पडतो. गाभा बिघडला तर सारा कारखाना बंद. गाभ्यातल्याला सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या मिळालेल्या असतात, हे आपण ध्यानात ठेवावे. पुढचा सारा विचार या एका गोष्टीवर उभा आहे.

आता असे पाहा की, जगात संगणकाला जोडण्याजोगी उपकरणे हजारो आहेत. छपाईची यंत्रे, कॅमेरे, पेन ड्राइव्ह, ध्वनीची आणि चित्राची कार्डे. प्रत्येकाशी बोलण्याची रीत वेगळी. ही सारी विद्या गाभ्यात कायमची भरून ठेवली तर तो फुगून जाईल, आणि तिच्यातली बहुतेक आपल्या संगणकाला कधी लागणारही नाही. म्हणून एक तोड काढण्यात आली. गाभ्याचे काही भाग सुटे ठेवावयाचे, लागतील तेव्हा आत घ्यावयाचे, काम संपले की बाहेर काढता यावेत अशी सोय ठेवावयाची. या सुट्या भागांना मॉड्यूल म्हणतात.

मुंबईच्या गिरण्या ज्यांना आठवतात त्यांना याचे मर्म चटकन कळेल. हा बदली कामगार आहे. कायम कामगार गैरहजर असला की दारावर उभ्या असलेल्या बदल्यांपैकी ज्याला ते काम येते त्याला आत घेत. आपण पेन ड्राइव्ह खोचला की तो प्रथम आपली जात आणि क्रमांक गाभ्याला सांगतो. गाभा ती खूण बाहेर पाठवितो. 'मॉडप्रोब' नावाचा मुकादम आपल्या यादीत पाहतो की ही खूण कोणाला ओळखता येते, आणि त्या मॉड्यूलला आत धाडतो. त्याला आणखी कोणा सोबत्याची गरज असेल तर त्या सोबत्याला आधी आत घेतो. हे सारे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच होते. आत कोण कोण आहेत याची हजेरी 'एलएसमॉड' ही आज्ञा दाखविते: नाव, आकार, आणि कितीजण त्याच्यावर अवलंबून आहेत तो आकडा. जोवर कोणी अवलंबून आहे तोवर त्या मॉड्यूलला रीतसर बाहेर काढता येत नाही. 'वापरात आहे' असे सांगून गाभा नकार देतो. चालू कामावरून माणूस ओढून काढू नये, एवढी समज या यंत्रात घातलेली आहे!

परंतु गिरणीतला बदली आणि हा बदली यांत एक मोठा फरक आहे. गिरणीत बदली आत आला तरी त्याचा अधिकार त्याच्या सांच्यापुरता असे. येथे मॉड्यूल एकदा आत आले की ते गाभ्याचाच भाग होते. त्याला कायम कामगाराचेच नव्हे, मालकाचेही सारे अधिकार मिळतात. ते आपल्या बँकेचा परवलीचा शब्द वाचू शकते, कोणाचेही लिखाण पुसू शकते, सारे यंत्र थांबवू शकते. तेव्हा दारावर उभ्या असलेल्या या पाहुण्याला 'बाबा रे, तू कोण?' असे विचारण्याची सोय हवी की नको? ती सोय म्हणजे मॉडइन्फो.

पेन ड्राइव्हचेच उदाहरण घेऊ. त्याचे काम पाहणाऱ्या मॉड्यूलचे नाव 'यूएसबी-स्टोरेज'. मॉडइन्फोला हे नाव दिले की तो त्या मॉड्यूलचा बिल्ला वाचून दाखवितो. फाईल कोठे ठेवली आहे, ही पहिली ओळ. वर्णन: लिनक्ससाठी यूएसबी साठवणुकीचा चालक. कर्ता: मॅथ्यू धार्म. परवाना: जीपीएल. त्यानंतर कोणकोणती उपकरणे त्याला ओळखता येतात त्यांची लांबलचक जंत्री. कोणत्या दुसऱ्या मॉड्यूलांवर तो अवलंबून आहे, ती ओळ. गाभ्याच्या नेमक्या कोणत्या आवृत्तीसाठी तो घडविला, ती खूण. ती जुळली नाही तर गाभा त्याला दारातूनच परत पाठवितो. त्याला कोणकोणत्या सूचना देता येतात, त्याही अर्थासह. उदाहरणार्थ, नवे उपकरण जोडल्यावर ते वापरण्यापूर्वी किती वेळ थांबावयाचे. आणि ज्या ठिकाणी सही करण्याची पद्धत आहे तेथे शेवटी सही करणाऱ्याचे नाव व किल्लीची खूण.

ही माहिती मॉडइन्फो कोठून आणतो? दूरच्या कोणत्या कचेरीतून नाही. ती त्या मॉड्यूलच्या फाईलीतच एका वेगळ्या कप्प्यात साध्या अक्षरांत लिहिलेली असते. 'कर्ता बरोबर अमुक', 'परवाना बरोबर तमुक', अशा ओळीमागून ओळी, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी शून्याची एक खूण. हा बिल्ला वाचण्यासाठी कोणताही खास अधिकार लागत नाही. संगणकाच्या मालकालाच नव्हे, तो वापरणाऱ्या साध्या माणसालाही तो वाचता येतो. ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. बॉयलरवर पाटी असते, लिफ्टमध्ये किती माणसांचा भार याची पाटी असते. ती पाटी इंजिनियरसाठी जितकी, तितकीच लिफ्टमध्ये पाय ठेवणाऱ्या म्हातारीसाठी असते.

या बिल्ल्यावरची सर्वांत महत्त्वाची ओळ परवान्याची. तिच्यामागे एक इतिहास आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठात रिचर्ड स्टॉलमन हा तरुण काम करीत असे. तेथील जुन्या छपाईयंत्रात कागद अडकला की ज्याचे काम खोळंबले त्याला कळावे, अशी सोय त्याने त्या यंत्राच्या कार्यक्रमात स्वतः भर घालून केली होती. पुढे नवे यंत्र आले. तेही अडकत असे, परंतु त्याचा मूळ कार्यक्रम कोणी देईना. ज्या संशोधकाकडे तो होता त्याने 'मी न देण्याचा करार केला आहे' असे सांगून हात झटकले. यंत्र आपल्यापुढे, बिघाड आपल्यापुढे, दुरुस्तीची अक्कल आपल्या डोक्यात, आणि तरीही हात बांधलेले! या व अशा अनुभवांतून स्टॉलमनने १९८३ साली मुक्त प्रणालीची चळवळ जाहीर केली आणि १९८९ साली जीपीएल हा परवाना लिहिला. ज्याला कार्यक्रम मिळाला त्याला त्याचा मूळ लेख मिळालाच पाहिजे, तो त्याने वाचावा, बदलावा, दुसऱ्यास द्यावा. मात्र दुसऱ्यास देताना हेच हक्क त्यालाही द्यावेत, असे त्याचे सार. १९९२ साली टोरवाल्ड्सने लिनक्स या परवान्याखाली आणला.

आता कोणी म्हणेल, ज्या कंपनीला आपला लेख उघडा करावयाचा नाही तिने काय करावे? येथे लिनक्सकारांनी जो मार्ग काढला तो आमच्यासारख्यांनी अभ्यासण्याजोगा आहे. बंद मॉड्यूलाला त्यांनी सरसकट बंदी घातली नाही. गाभ्यातील काही सोयी फक्त जीपीएलशी जुळणाऱ्यांसाठी राखून ठेवल्या, हे खरे. बाकी त्याला आत येऊ दिले. परंतु ज्या क्षणी ते आत येते त्या क्षणी गाभा आपल्या नोंदीत लिहितो की, 'मी आता डागाळलो आहे'. २००१ सालापासून ही पद्धत आहे. बंद परवान्याचे मॉड्यूल आले तर एक खूण, जबरदस्तीने घुसविले तर दुसरी, मूळ प्रणालीबाहेरचे असेल तर तिसरी, सही नसेल तर चौथी. ज्याच्या बिल्ल्यावर परवान्याची ओळच नाही त्याला बंदच धरले जाते. मौनाचा फायदा कोणाला मिळत नाही! आणि असे मॉड्यूल पुढे बाहेर काढले तरी डाग जात नाही. यंत्र नव्याने सुरू करीतो तो कायम राहतो. कारण गाभ्यात येऊन गेलेल्याने आत काय करून ठेवले ते कोणास ठाऊक?

या डागाचा व्यवहारातला अर्थ असा की, अशा यंत्राच्या बिघाडाची तक्रार घेऊन गेलात तर लिनक्सचे कारागीर बहुधा म्हणतात, 'जे आम्हांला पाहता येत नाही त्याची जबाबदारी आम्ही कशी घ्यावी?' हे उत्तर उद्धटपणाचे नव्हे. जेथे पाहण्याचा हक्क नाही तेथे जबाबदारीही नाही, हा साधा न्याय आहे. आपल्याकडे नेमके उलटे चालते. यंत्र उघडून पाहावयाचे नाही, आणि अपघात झाला की 'कामगाराचा निष्काळजीपणा'!

पाटी आली की पाटी फिरविणारेही येतात. २००४ साली असा एक प्रकार उघडकीस आला. मोडेमचे चालक विकणाऱ्या एका कंपनीने आपल्या मॉड्यूलच्या परवान्याच्या ओळीत प्रथम 'जीपीएल' अशी अक्षरे घातली, लगेच ती शून्याची खूण घातली, आणि तिच्यापुढे लिहिले की ही परवानगी एका विशिष्ट कप्प्यातील फायलींपुरतीच आहे, बाकीच्यांना वेगळा परवाना लागू. आम्ही मघाशी सांगितले की ओळीचा शेवट शून्याने होतो. गाभा शून्यापाशी वाचावयाचे थांबला, 'जीपीएल' एवढेच त्याने वाचले आणि डाग न लावता मॉड्यूलला आत घेतले. कंपनीचा खुलासा असा की, इशाऱ्याच्या ओळी पुनःपुन्हा उमटून ग्राहक गोंधळतात, ते टाळण्यासाठी हे केले. खुलासा काहीही असो. करारनाम्याच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत एक आणि पाठीमागे बारीक अक्षरांत दुसरे, हा खेळ आपणांस नवा नाही. लक्षात घेण्याची गोष्ट अशी की ही लबाडी सापडली. फाईल उघडून अक्षर न् अक्षर पाहणारा एक माणूस निघाला, त्याने चारचौघांत सांगितले, आणि काम झाले.

म्हणून मॉडइन्फो म्हणजे सर्व रोगांवर औषध आहे असे आम्ही म्हणत नाही. बिल्ल्यावर जे लिहिले आहे तेच तो वाचतो; ते खरे आहे की नाही हे तो पाहत नाही. शिवाय तो चकतीवरची फाईल वाचतो. स्मृतीत या क्षणी काय चालले आहे ते सांगत नाही. हजेरीतून स्वतःचे नाव पुसून आत दडून बसणारी दुष्ट मॉड्यूलेही लोकांनी रचलेली आहेत. सहीचेही तसेच. डिसेंबर २०१२ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात मॉड्यूलाची सही तपासण्याची सोय आली, ती चांगलीच झाली. परंतु सही म्हणजे कोणी सही केली एवढेच कळते. २०१० साली इराणच्या अणुप्रकल्पातील यंत्रे बिघडविणारा 'स्टक्सनेट' नावाचा विषाणू सापडला. तो विंडोज या प्रणालीवरचा. त्याच्या चालकांवर तैवानमधील दोन कंपन्यांच्या सह्या होत्या. सह्या खऱ्या होत्या, किल्ल्या चोरीच्या होत्या.

आणि सहीही खरी, किल्लीही खरी, हेतूही स्वच्छ, तरी काय होऊ शकते ते १९ जुलै २०२४ रोजी साऱ्या जगाने पाहिले. विंडोजच्या गाभ्यात बसणाऱ्या एका सुरक्षाचालकाला त्याच्या कंपनीने माहितीची एक नवी फाईल पाठविली. ती सदोष होती. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लक्ष संगणक कोसळले. विमानतळांवर रांगा लागल्या. आपल्या देशात प्रवाशांना हाताने लिहिलेले पास द्यावे लागले. त्या दिवशी किती लोकांना प्रथमच कळले असेल की आपल्या यंत्राच्या गाभ्यात असा कोणी बदली येऊन बसला आहे!

मग पाटीचा उपयोग तो काय? या प्रश्नाचे उत्तर आम्हांला संगणकाच्या पुस्तकात सापडले नाही, ते राजस्थानच्या मजुरांनी दिले. १९९० नंतरच्या दशकात तेथे मजदूर किसान शक्ती संघटनेने दुष्काळी कामांवरील मस्टर पाहण्याची मागणी केली. मस्टर तर सरकारी दप्तरात रीतसर होतेच. त्यावर नावे होती, अंगठे होते, सह्या होत्या. ते गावच्या जनसुनवाईत मोठ्याने वाचले गेले तेव्हा लोक उठून म्हणू लागले, 'हा तर कामावर आलाच नव्हता', 'हा तर केव्हाच वारला.' १९९६ साली ब्यावर येथे त्यांनी चाळीस दिवसांचे धरणे धरले. २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याची मुळे त्या आंदोलनात आहेत. मस्टर असणे ही पहिली पायरी. ते सर्वांना वाचता येणे ही दुसरी. आणि वाचून प्रत्यक्षाशी ताडून पाहणारे लोक असणे ही तिसरी. लिनक्समध्ये पहिली पायरी मॉडइन्फो, दुसरी मूळ लेख उघडा ठेवणारा परवाना, आणि तिसरी जगभरचे ते कारागीर. तिन्ही असतील तरच पाटीला अर्थ येतो. पण पहिलीच नसेल तर पुढच्या दोन चढणार कशा?

आता आपल्या दाराशी येऊ. एका आस्थापनेत हजेरीसाठी बोट टेकण्याचे यंत्र बसविले होते. महिन्याच्या शेवटी पुष्कळांचे पैसे कापले गेले. आम्ही विचारले, उशीर कसा मोजला? उत्तर आले, 'यंत्र मोजते.' यंत्रात नियम कोणी घातला? 'कंपनीने.' कोणत्या कंपनीने? ते कोणालाच सांगता येईना. दोन महिन्यांनी कळले की पाळी सुरू झाल्यावर एका मिनिटाचा उशीरही पुढच्या अर्ध्या तासापर्यंत मोजण्याचा नियम त्यात होता. तो ना करारात होता, ना सूचनाफलकावर. मॉडइन्फोने तो सापडला नसता, हे आम्ही स्पष्ट सांगतो. मॉडइन्फो गाभ्यातील मॉड्यूलांपुरता आहे, हजेरीचा नियम वरच्या कार्यक्रमात असतो. परंतु 'यंत्रात काय आहे ते सांगता येत नसते' असे जे आम्हांला ऐकविले गेले ते खोटे आहे, हे दाखविण्यास मॉडइन्फो पुरेसा आहे. यंत्राच्या सर्वांत खोल, सर्वांत अवघड भागालाही बिल्ला लावता येतो, आणि तो कोणत्याही साध्या माणसाला वाचता येतो. गाभ्याला जे जमते ते हजेरीच्या यंत्राला का जमू नये?

म्हणून श्रोतेहो, आपण जेथे असाल तेथे, नगरपालिकेत, सहकारी बँकेत, शाळेत, दवाखान्यात, नवे यंत्र आले की बिल्ल्यावरचे पाच प्रश्न विचारावेत. हे कोणी केले? कोणत्या अटींवर दिले? ते आणखी कोणावर अवलंबून आहे? त्याला कोणत्या सूचना दिलेल्या आहेत? आणि त्याच्याखाली सही कोणाची आहे? यांतला एकही प्रश्न पदवीधरालाच कळावा असा नाही. उत्तर मिळाले तर ते चारचौघांत वाचून ताडून पाहावे. उत्तर मिळाले नाही तर यंत्राला बंदी घाला असे आम्ही म्हणत नाही. परंतु न मिळालेल्या उत्तराची नोंद मात्र सभेच्या इतिवृत्तात करून ठेवावी, आणि लिनक्सच्या गाभ्याप्रमाणे ती पुसू देऊ नये.

 ज्यांच्या घरी लिनक्सचा संगणक असेल त्यांनी आज रात्री ती आज्ञा एकदा चालवून पाहावी. तिला पैसा पडत नाही आणि परवानगी लागत नाही.